हाताने बनवलेला महागडा क्यू: घ्यायची वेळ कोणती?

निळा_स्पॉट

नमस्कार मंडळी. पुण्यात असतो. ऑफिस सुटलं की आठवड्यातून दोन-तीनदा कोथरूडच्या एका पार्लरमध्ये स्नूकर खेळतो. तिशी-चाळिशीचे ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) बऱ्यापैकी होतात, पन्नाशी मात्र हुकतेच. सध्या रेडिमेड थ्री-क्वार्टर क्यू (तीन-चतुर्थांशावर जोड असलेली खेळायची काठी) आहे, ॲश लाकडाचा, साडेसहा हजारांचा. इंग्लंडमधल्या एका कारागिराकडे हातबनावटीच्या क्यूची चौकशी केली. क्यू, केस, कुरिअर, कस्टम्स धरून आकडा लाखाच्या पुढे जातोय. पैसे बाजूला काढलेत, घरूनही हरकत नाही. पार्लरमधले निम्मे म्हणतात आधी शंभरी मार, निम्मे म्हणतात क्यू चांगला आला की खेळ वाढतोच. ऑर्डरच्या फॉर्मवर लांबी, वजन, टिपचा (टोकावरच्या चामड्याच्या गोळीचा) व्यास, बॅलन्स पॉइंट असं सगळं विचारलंय आणि मी तिथेच अडलोय. तुम्ही कशावरून ठरवलंत?

शिसवी

पैसे आहेत ना? मग घेऊन टाका. मी थायलंडचा हातबनावटीचा घेतला. सगळ्यात मोठा फायदा असा की दुसऱ्याचा क्यू हातात घेऊन बघायची खोड सुटली. एकच क्यू, एकच अंदाज. शंभरीची वाट बघत बसलात तर चाळिशी उलटेल.

जुना_मार्कर

शिसवी यांचं 'एकच क्यू' शंभर टक्के खरं. पण तो एकच क्यू साडेसहा हजारांचाही असू शकतो. स्कॉटलंडच्या स्नूकरपटू स्टीफन हेन्ड्रीनं सातही विश्वविजेतेपदं, 1990 ते 1999, जेमतेम चाळीस पौंडांच्या, लहानपणापासूनच्या क्यूवर मिळवली. 2003 मध्ये विमानप्रवासात तो मोडला. जगातला कुठलाही कारागीर त्याला नवा क्यू द्यायला एका पायावर तयार झाला असता, पण हाताला सवय होती ती त्या लाकडाची.

निळा_स्पॉट, मी मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर (टेबलं सांभाळणारा, गुण मांडणारा) होतो, आता घरीच टिपा बसवतो, क्यू दुरुस्त करतो. माझं मत सांगतो: तो फॉर्म न अडखळता भरता आला की ऑर्डर दे, त्याआधी नको. कारागीर तू लिहिशील तेच बनवणार. 58 इंच, 18 औंस, साडेनऊ मिलिमीटर टिप हे आकडे बहुतेकांना चालतात, म्हणून सगळे तेच लिहून पाठवतात. त्यासाठी लाख रुपये कशाला? तसा क्यू दुकानात टांगलेला असतो.

आधी हातातल्या क्यूची ओळख करून घे. सोनाराच्या काट्यावर वजन कर, 18 औंस म्हणजे साधारण 510 ग्रॅम. बोटावर तोलून बॅलन्स बघ, बटच्या (मागच्या जाड भागाच्या) टोकापासून 16 ते 18 इंचांत कुठेतरी येईल. टेनिसवाले रॅकेटला शिशाची पट्टी चिकटवतात, ती बटवर लावून महिनाभर खेळ, मग काढून खेळ. आपल्याला पुढे जड हवा की मागे, हे हातालाच कळतं. लांबीसाठी मिनी बट (मागे जोडायचा छोटा तुकडा) लावून बघ. टिप बारीक केली की साइड मारताना (चेंडूला मध्याच्या बाजूला फटका देताना) पांढरा चेंडू कमी फाकतो, पण मध्य जरा चुकला तरी लगेच दिसतो. हे प्रयोग स्वस्त क्यूवर करायचे असतात, लाखाच्या क्यूच्या फेरूलवर (टिपखालच्या धातूच्या टोपीवर) कुणाला पॉलिशपेपर लावू देऊ नकोस.

पन्नाशी का हुकते, तेही तपास. पांढरा ब्राउन चेंडूच्या स्पॉटवर (टेबलावरच्या त्याच्या ठरलेल्या खुणेवर) ठेव आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ वरच्या कुशनला मार. परत येऊन टिपला लागला पाहिजे. दरवेळी उजवीकडे येत असेल तर मित्रांचे दोन-तीन क्यू घेऊन तेच कर. सगळ्यांवर उजवीकडेच आला तर दोष हाताचा, तो कुठलाही कारागीर काढून देणार नाही. फक्त तुझ्याच क्यूवर येत असेल तर आधी टिप बदल. चांगली दाबून घेतलेली एल्क मास्टर कंपनीची टिप नीट बसवली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बरं, लाखात मिळतं काय? निवडून वाळवलेलं, सरळ रेषांचं लाकूड. ॲशच्या शाफ्टवर (क्यूच्या पुढच्या निमुळत्या काठीवर) बाणांसारख्या खुणा असतात, चांगल्या तुकड्यात त्या टिपपासून बटपर्यंत एका ओळीत उतरतात. आणि बटमधला जोड. मशिनच्या जोडाची टोकं सुईसारखी, सगळी सारखी. हातजोडीत एबनीच्या (काळ्या लाकडाच्या) चार जिभा शाफ्टवर चढतात, त्यांची टोकं गोलसर असतात आणि अगदी एका उंचीची नसतात. रंध्यानं लाकूड उतरवताना ती आकाराला येतात. मी अशा जोडावरून अंगठा फिरवलाय, लाकूड कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं ते लागत नाही. निव्वळ या कामावर जीव जडला म्हणून कुणी क्यू घेतला तर मला तेही कारण पटतं. फक्त त्यानं ब्रेक वाढेल असं धरून घेऊ नकोस.

रत्नागिरीकर

मार्करकाकांशी सहमत. आमच्या दमट हवेचा अनुभव जोडतो. ऑर्डर अशी द्या की क्यू दिवाळीनंतर हातात पडेल. तिकडे वाळवलेलं लाकूड ऐन पावसात आलं तर ओल पितं आणि वाकायची भीती असते. भिंतीला टेकवून ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. खेळून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, अधूनमधून अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. विमानात केबिनमध्ये क्यू नेऊ देत नाहीत, म्हणून कडक केससाठी काटकसर नको.

निळा_स्पॉट

काका, आज पार्लरमध्ये ती स्पॉटवरची चाचणी केली. माझ्या क्यूवर पांढरा डावीकडे येतो, मित्राच्या दोन्ही क्यूंवर जवळपास सरळ. टिप एका बाजूनं बसलेली दिसतेय. आणखी एक विचारायचं होतं, क्यू सरळ आहे का ते टेबलावर लोळवून बघतात, तसं बघू का?

जुना_मार्कर

मग आधी टिप. ती बदलून महिनाभर खेळ आणि परत तीच चाचणी कर.

लोळवण्यावर जाऊ नकोस. रंध्यानं उतरवलेला चांगला क्यूसुद्धा टेबलावर थोडा डुलतो, कारण तो सगळीकडे तंतोतंत गोल नसतो. एक डोळा मिटून बटकडून टिपकडे बघ आणि बघताबघता हळूहळू फिरव. मग बट जमिनीवर हलकेच आपट. आतून कर्रकर्र आवाज आला तर सांधा ढिला आहे. तसं असेल तर एखाद्या रविवारी मुंबईला घेऊन ये, टिपही मीच बसवून देईन.