एकाच नावाची दोन रशियन गावे: त्यातले बंद शहर कोणते, हे कसे ओळखावे?

रेखांश

सर्वांना नमस्कार.

सोव्हिएत अणुउद्योगातील अपघातांवर मी एक लेख लिहीत आहे आणि त्यासोबत हाताने काढलेला एक नकाशा देणार आहे. प्लुटोनियम तयार करणारा 'मायाक' कारखाना ज्या शहरात आहे त्याचे नाव ओझ्योर्स्क, एवढे टिपण माझ्याजवळ होते. नकाशासंग्रहाच्या सूचीत ओझ्योर्स्क सापडले, मी त्याचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले आणि नकाशावर बिंदू दिला. मजकूर वाचायला दिलेल्या मित्राने दुसऱ्याच दिवशी विचारले की, कारखाना उरल पर्वताच्या पूर्वेला आहे, मग तुमचा बिंदू पोलंडच्या सीमेला टेकलेला कसा? मी उतरवलेले ओझ्योर्स्क कालिनिनग्राद प्रांतातले, अंग्रापा नदीकाठचे लहानसे गाव निघाले. त्या गावातल्या जुन्या जर्मन घरांचे एक छायाचित्रही मी 'अणुनगरी' म्हणून निवडून ठेवले होते.

त्यानंतर यादीतले प्रत्येक नाव पुन्हा तपासले. झेलेझ्नोगोर्स्क दोन सापडली, झेलेनोगोर्स्क दोन, झारेच्नी दोन, मीर्नीही दोन. प्रत्येक जोडीत एक गाव कोणीही जाऊन पाहावे असे, तर दुसऱ्याभोवती कुंपण आणि आत जायला परवाना. माझे दोन प्रश्न आहेत. परक्यांची दिशाभूल व्हावी म्हणून ही नावे मुद्दाम उघड्या गावांवरून उचलली होती का? आणि मराठीत लिहिताना वाचकाचा माझ्यासारखा घोटाळा होऊ नये यासाठी कोणती पद्धत पाळावी?

अणुरेणू

रेखांश, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हा घोटाळा छापील पुस्तकांतही आढळतो.

आधी नावांचे अर्थ पाहू. रशियन भाषेत 'ओझेरो' म्हणजे तळे, 'झेलेझो' म्हणजे लोखंड, 'झेल्योनी' म्हणजे हिरवा, 'गोरा' म्हणजे डोंगर आणि 'झारेच्नी' म्हणजे नदीपलीकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत राजवटीने शेकडो वस्त्यांना नवी नावे दिली आणि ती बहुतेक अशाच साध्या शब्दांतून घडवली. पूर्व प्रशिया या जर्मन प्रदेशाचा उत्तर भाग, म्हणजे आजचा कालिनिनग्राद प्रांत, सोव्हिएत संघाकडे आल्यावर तिथली जर्मन नावे थोड्याच काळात सरसकट पुसली गेली. जुने दार्केमेन, ज्याला १९३८ पासून आंगेराप म्हणत, ते १९४६ मध्ये ओझ्योर्स्क झाले. वेलाउचे झ्नामेन्स्क झाले आणि हाझेलबेर्गचे क्रास्नोझ्नामेन्स्क. पुढे ही तिन्ही नावे बंद शहरांनाही मिळाली. उरलकडील ओझ्योर्स्कभोवती खरोखरच तळी आहेत, त्यामुळे तिथे हे नाव सुचण्यासाठी कालिनिनग्रादकडे पाहण्याची कोणाला गरज पडली असेल, असे मला वाटत नाही.

खरे कारण मला दुसरीकडे दिसते. 'मायाक'च्या शहराला ओझ्योर्स्क हे नाव १९५४ मध्येच मिळाले, पण ज्या हुकमाने ते मिळाले तो हुकूम गुप्त होता. बाहेरच्या जगासाठी ते शहर आधी चेल्याबिन्स्क-४० आणि नंतर चेल्याबिन्स्क-६५ होते. जवळच्या मोठ्या, उघड्या शहराचे नाव आणि त्यापुढे टपालपेटीसारखा क्रमांक, एवढाच त्याचा पत्ता. पाकिटावर ओझ्योर्स्क हा शब्द कधी लिहिलाच जात नसे, म्हणून एका ओझ्योर्स्कचे पत्र दुसऱ्याला गेले असे घडण्याचा संभव नव्हता. जे नाव वापरायचेच नाही, ते देशात आणखी कुठे आहे का, हे तपासण्याची निकड कोणाला वाटणार? १९९४ मध्ये सरकारने ही नावे जाहीर केली, तेव्हा चाळीस वर्षे झाकून ठेवलेली जुळी नावे एकदम नकाशावर आली.

याचा सर्वांत बोलका पुरावा झेलेझ्नोगोर्स्कमध्ये मिळतो. क्रास्नोयार्स्कजवळ, येनिसेई नदीच्या काठी, डोंगराच्या पोटात प्लुटोनियमच्या तीन अणुभट्ट्या बांधणारे शहर १९५४ मध्ये गुप्तपणे झेलेझ्नोगोर्स्क झाले. लोकांसाठी ते क्रास्नोयार्स्क-२६ राहिले. त्यानंतर १९५७ मध्ये कुर्स्क प्रांतात लोहखनिजाच्या खाणीसाठी नवी वसाहत सुरू झाली आणि तिलाही झेलेझ्नोगोर्स्क हेच नाव मिळाले. म्हणजे इथे बंद शहराचे नाव आधीचे आणि उघड्याचे नंतरचे. पुढे इर्कुत्स्क प्रांतात लोखंडाच्याच खाणीपाशी आणखी एक शहर उभे राहिले, त्याचे नाव मात्र झेलेझ्नोगोर्स्क-इलिम्स्की असे जोडून ठेवले गेले. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावून दोन गावे वेगळी करतात, तशीच ही सोय. कुर्स्कचे शहर उघड्या नकाशावर असल्याने इर्कुत्स्कच्या शहराला उपपद लागले, येनिसेईकाठचे कागदोपत्री नव्हतेच.

तिथल्या तीनपैकी दोन अणुभट्ट्या १९९२ मध्ये आणि शेवटची २०१० मध्ये बंद झाली. आता तिथे उपग्रहही तयार होतात. आपल्याला छायाचित्र निवडायचे असेल तर शहराचा ध्वज पाहावा: लाल पार्श्वभूमीवर सोनेरी अस्वल दोन्ही पंजांनी अणू फाडताना दिसते. अस्वल आणि अणू दिसले की ते क्रास्नोयार्स्ककडचे झेलेझ्नोगोर्स्क, यात शंका राहत नाही. पत्ता हाती असेल तर पिनकोड पाहावा. क्रास्नोयार्स्ककडील शहराचे पिनकोड ६६२९७ ने सुरू होतात आणि कुर्स्ककडील शहराचे ३०७१७ ने.

निवृत्त शिक्षिका

वरचे उत्तर वाचून समाधान झाले. मी अनेक वर्षे रशियन शिकवली आहे, त्या अनुभवावरून लिपीची एक अडचण मांडते. रेखांश यांच्या यादीत झेलेझ्नोगोर्स्क आणि झेलेनोगोर्स्क ही दोन्ही नावे आहेत. रशियनमध्ये त्यांची पहिली अक्षरे वेगळी आहेत, उच्चारही वेगळे आहेत, परंतु मराठीत दोन्हींसाठी आपण 'झ' लिहितो. 'झाड' आणि 'झेंडा' या शब्दांत 'झ'चे दोन वेगळे उच्चार आपण सहज करतो, पण अक्षर एकच असल्याने परकी नावे वाचताना कोणता उच्चार घ्यायचा ते वाचकाला कळत नाही. त्यातून या दोन नावांची बंद शहरे एकाच क्रास्नोयार्स्क क्रायमध्ये (क्राय म्हणजे प्रांतासारखाच विभाग) आहेत. झेलेझ्नोगोर्स्क म्हणजे क्रास्नोयार्स्क-२६, तर झेलेनोगोर्स्क म्हणजे युरेनियमचे समृद्धीकरण करणारे क्रास्नोयार्स्क-४५. मराठी मजकुरात त्यांची अदलाबदल झालेली मी स्वतः दुरुस्त केली आहे. दुसरे झेलेनोगोर्स्क सेंट पीटर्सबर्गजवळ समुद्रकिनारी आहे. ते पूर्वीचे फिनिश तेरियोकी असून १९४८ मध्ये त्याचे नाव बदलले.

माझी सूचना अशी की, प्रथम उल्लेखात प्रांत आणि जुना क्रमांक दोन्ही द्यावेत आणि पुढे क्रमांकाचेच नाव चालवावे. आकड्यात उच्चाराचा घोळ होत नाही.

रेखांश

अणुरेणू आणि शिक्षिकाताई, आपले मनापासून आभार. झारेच्नीचा उलगडाही आता झाला. पेन्झा प्रांतातले ते बंद पेन्झा-१९ आणि स्वेर्दलोव्स्क प्रांतातले, बेलोयार्स्क अणुवीज केंद्राचे, ते उघडे. दोन्ही अणुउद्योगाचीच असल्याने मी ती एकच समजलो होतो.

एक शंका राहते. माझ्या लेखातला मुख्य अपघात २९ सप्टेंबर १९५७ चा आहे. तो सगळीकडे 'किश्तीम दुर्घटना' म्हणून नोंदलेला दिसतो. मग किश्तीम हे ओझ्योर्स्कचेच आणखी एक नाव समजावे का?

उत्तरायण

किश्तीम हे वेगळे, जुने आणि उघडे शहर आहे. स्फोट झाला तो 'मायाक'मधल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीत. परंतु 'मायाक'चे शहर नकाशावर नसल्यामुळे, नकाशावर असलेल्या सर्वांत जवळच्या शहराचे नाव त्या घटनेला चिकटले. सोव्हिएत सरकारने हा अपघात मान्य केला तो १९८९ मध्ये. तोपर्यंत आणि त्यानंतरही त्याचा बोजा किश्तीमच्या नावावर राहिला आहे, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. कृपया आपल्या नकाशावर किश्तीम आणि ओझ्योर्स्क असे दोन स्वतंत्र बिंदू द्यावेत.

अणुरेणू यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण नावे कधीच मुद्दाम उचलली नाहीत असा समज वाचकांचा होऊ नये. ठळक उदाहरण बैकोनूरचे आहे. ते आज कझाकस्तानात असून रशियाने भाड्याने घेतलेले आहे. अग्निबाणांचे तळ त्युरातम या रेल्वे स्थानकाजवळ उभारले गेले. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन यांचे उड्डाण झाल्यावर विक्रमाच्या नोंदीसाठी ठिकाणाचे नाव देणे भाग पडले, तेव्हा तळापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या एका खाणवस्तीचे बैकोनूर हे नाव सांगण्यात आले. तळाजवळचे शहर त्या काळी लेनिन्स्क म्हणून ओळखले जाई. त्याला बैकोनूर हे नाव अधिकृतपणे मिळाले १९९५ मध्ये. राकेश शर्मा १९८४ मध्ये तिथूनच अवकाशात गेले, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे. ज्या वस्तीचे नाव घेतले ती वस्ती मात्र कोणाला ठाऊक नाही.

भारताशी जोडलेले आणखी एक ठिकाण म्हणजे कपुस्तिन यार. आर्यभट्ट हा आपला पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी तिथून सोडला गेला. कपुस्तिन यार हे मूळ खेड्याचे नाव आहे, प्रक्षेपण क्षेत्राचेही तेच, आणि त्या क्षेत्राचे बंद शहर म्हणजे आस्त्राखान प्रांतातील झ्नामेन्स्क. वर वेलाउचे झ्नामेन्स्क झाल्याचा उल्लेख आहे, ते कालिनिनग्रादमधले, आणि त्याचा या क्षेत्राशी काहीही संबंध नाही.

काही जोड्यांत अर्थही सारखा नसतो. ब्र्यान्स्क प्रांतातले सिमेंटच्या कारखान्याचे उघडे फोकिनो इग्नात फोकिन या क्रांतिकारकाच्या नावाने आहे, तर प्रशांत महासागराच्या काठचे बंद फोकिनो नौदलाचे ॲडमिरल विताली फोकिन यांच्या. सोल्नेच्नी नावाच्या तर दोन बंद वस्त्या आहेत, एक क्रास्नोयार्स्ककडे आणि दुसरी त्वेर प्रांतात, सेलिगेर सरोवरातील गोरोदोम्ल्या बेटावर. युद्धानंतर जर्मन अग्निबाण अभियंत्यांना ठेवले होते ते हेच बेट. तिथे बंद की उघडे, या प्रश्नानेही भागत नाही, प्रांत विचारावाच लागतो.

नाव बदलून गुंता सुटल्याचे एक उदाहरणही सांगतो. अमूर प्रांतातील स्वोबोद्नी-१८ या बंद वस्तीला पुढे उग्लेगोर्स्क म्हणजे 'कोळशाचा डोंगर' असे नाव मिळाले, आणि साखालीन बेटावर खऱ्याखुऱ्या कोळशाचे उग्लेगोर्स्क आधीपासून होते. वोस्तोच्नी अवकाशतळाची उभारणी तिथे सुरू असताना, २०१५ मध्ये, अमूरकडील शहराचे नाव त्सिओल्कोव्स्की झाले. अवकाशविज्ञानाच्या त्या आद्य अभ्यासकाचे नाव या शहराला शोभते.

रेखांश

आपण सर्वांनी दाखवलेल्या वाटेने नकाशा पुन्हा काढला आहे. उरलच्या पूर्वेला आता दोन बिंदू आहेत आणि त्याखालील ओळ अशी लिहिली आहे: 'ओझ्योर्स्क, चेल्याबिन्स्क प्रांत, १९५७ मध्ये चेल्याबिन्स्क-४०. स्फोट येथे झाला. शेजारचे किश्तीम हे वेगळे शहर आहे.' जर्मन घरांचे छायाचित्र काढून टाकले आहे. झेलेझ्नोगोर्स्क आणि झेलेनोगोर्स्क यांच्यापुढे २६ आणि ४५ हे आकडे ठळक अक्षरांत घातले आहेत.