पाळी गेल्यावर तांबी (कॉपर-टी) काढून घेतली आहे का कुणी? नंतर काय त्रास होतो?

चाफेकळी५७
मैत्रिणींनो, जरा लाजतच विचारतेय. वय ५७, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. परवा पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर खडे राहिले बाजूला आणि डॉक्टर म्हणतात, "काकू, पिशवीत तांबी आहे, माहीत आहे ना?" खरं सांगू? साफ विसरले होते. धाकटीच्या नंतर, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून बसवली होती, २००८ साली बदलली, ती दहा वर्षं चालणारी. २०१८ ला काढायची तर सासूबाईंचं आजारपण निघालं. मग पाळीच मागेपुढे व्हायला लागली, मग गेली, आणि तांबी डोक्यातूनच गेली.

आता डॉक्टर म्हणतात काढून टाका. दुखतं का? भूल देतात का? पाळी परत सुरू होते असं शेजारीण म्हणते. जाऊबाईंचं म्हणणं, "तुझं काय खातेय ती? राहू दे." तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केलं तर चालेल ना?

गोदाकाठ
माझी ५४ व्या वर्षी काढली. टेबलावर पाय वर करून झोपायला गुडघ्यांनी जेवढा त्रास दिला, तेवढा तांबीने दिला नाही. 😄 तांबीला खाली धागा असतो, तो दिसत होता, चिमट्यात धरला, "खोका" म्हणाल्या, मी खोकले, झालं. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी एक कळ. संध्याकाळपर्यंत ओटीपोट जड होतं, दोन दिवस तपकिरी डाग. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले.

मी मुद्दाम बघायला मागितली ती. आगकाडीपेक्षा जरा लहान, इंग्रजी टी सारखी, तांब्याची तार काळी पडलेली. एवढ्याशा वस्तूचं इतकी वर्षं ओझं बाळगलं!

सदाफुली
माझ्या मावशीने शेवटपर्यंत काढली नाही, काही झालं नाही तिला. उगाच कशाला हात लावायचा?

निवृत्त_सिस्टर
सदाफुली, मावशींचं नशीब. मी तीस वर्षं प्रसूती विभागात काढली आहेत, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

पाळी गेल्यावर पिशवी आक्रसते, तोंडही घट्ट होत जातं. म्हणजे आज सोपं असलेलं काम दहा वर्षांनी अवघड होतं. शिवाय विसरलेल्या तांबीमुळे क्वचित पिशवीत जंतुसंसर्ग होतो, पू होतो. मग साठी-सत्तरीत ताप आणि घाण पाणी घेऊन बायका येतात. मी पाहिल्या आहेत.

घाईने काढायची नसते हेही खरं. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर वर्षभर, पन्नाशीच्या आत गेली असेल तर दोन वर्षं थांबून काढतात, म्हणजे गर्भ राहण्याची धास्ती नको. चाफेकळी, तुमची पाच झाली, तुम्ही निर्धास्त.

पाळी परत येत नाही. पाळी अंडाशयांच्या हार्मोनवर चालते आणि तांबीत हार्मोन नसतोच. त्यामुळे काढल्यावर वजन, केस, घाम, चिडचिड यांतलं काही वाढायचं कारण नाही. ज्यांच्याकडे मिरेना (तांबीसारखीच पिशवीत बसवतात ती) आहे त्यांचं गणित वेगळं, त्यात हार्मोन असतो.

आणि हे नीट वाचा. काढल्यावर दोन-चार दिवस डाग लागले तर ठीक. त्यानंतर, अगदी दोन महिन्यांनी एक थेंब दिसला तरी "तांबी काढली ना, त्याचंच असेल" म्हणून घरी बसू नका. पाळी गेल्यावरचं रक्त तपासायचंच, सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ताप, वास येणारं पाणी किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

सरकारी दवाखान्यात जरूर जा, पैसे लागत नाहीत. फक्त आधी विचारा, धागा दिसला नाही तर पुढची सोय तिथेच आहे का? मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

रानजाई
धागा दिसला नाही, ती मीच. (धाग्यात धाग्याचं दुःख.) आकसलेल्या पिशवीने तो आत ओढून घेतला होता. ओपीडीत डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला, मी ओरडले, त्या थांबल्या. त्या थांबल्या हे फार बरं झालं. तीन आठवडे इस्ट्रोजेन या हार्मोनचं क्रीम लावायला दिलं, मग भूल देऊन दुर्बिणीतून काढली. सकाळी भरती, संध्याकाळी घरी. आठवडाभर थोडे डाग होते. क्रीम मनाने आणू नका, कुणाला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पारिजात
माझी मिरेना होती. काढल्यावर महिनाभर रात्री घामाने उठायचे. ते मिरेनामुळे की वयामुळे, डॉक्टरही ठामपणे सांगू शकल्या नाहीत.

चाफेकळी५७
झालं बायांनो! काल तालुक्याला जाऊन आले. निघायच्या तासभर आधी पोटभर नाश्ता आणि डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी घेतली. धागा अगदी टोकाला दिसत होता. पहिल्यांदा निसटला, तेव्हा पोटात असा पीळ पडला की मी सिस्टरचा हातच आवळला. दुसऱ्यांदा आली. पाच मिनिटं उताणी पडून राहा म्हणाल्या, चक्कर येते कुणाकुणाला. त्याच वेळी पॅप स्मियरही (पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी) घेतला, परत टेबलावर चढायला नको.

आज हलके डाग आहेत, बाकी ठीक. गंमत म्हणजे घरात पॅडच नाही! पाच वर्षांत कधी लागलाच नव्हता. पुतणीकडे मागितला तर पोरगी डोळे विस्फारून बघायला लागली. आणि जाऊबाई आत्ताच हळूच विचारून गेल्या, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई कुठल्या दिवशी असतात गं?"

निवृत्त_सिस्टर
त्यांची कधीची आहे ते विचारा आधी.

चाफेकळी५७
विचारलं. १९९९!