भोसरीत जॉबवर्क: एकाच कामात स्पेशालिस्ट व्हायचं की येईल ते घेत राहायचं?

टूलरूम_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांनी लेथवर सुरू केलं, आता एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), सरफेस ग्राइंडर आणि मागे शेडमध्ये वेल्डिंग-फॅब्रिकेशन असं सगळं चालतं. येईल ते काम घेतो, फिक्श्चर, शाफ्ट, बुश, मशीन गार्ड, कुणाची कन्व्हेयरची फ्रेम. कामाला तोटा नाही पण महिनाअखेर हातात काही राहत नाही कारण प्रत्येक ड्रॉइंग नवीन, सेटिंगमध्येच अर्धी शिफ्ट जाते आणि पार्टी पैसे देते ते फक्त मशीन चाललेल्या तासांचे. आता लोन काढून वायरकट (तारेच्या ठिणगीने धातू कापणारं मशीन) घ्यायचा आणि फॅब्रिकेशन बंद करून फक्त प्रेस टूलच्या डाय-पंचचं, म्हणजे पत्रा कापायच्या साच्याच्या खालच्या-वरच्या भागांचं, काम धरायचं असं डोक्यात आहे. वडील म्हणतात चार प्रकारची कामं होती म्हणून २००८ ची मंदी पण निघाली आणि लॉकडाऊन पण, एकावरच बसलास आणि ते थांबलं तर काय करशील. त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच अडकलोय. या लाइनमधल्या लोकांनी सांगा प्लीज.

स्पार्क_चाकण
मी वायरकटच करतो म्हणून लिहितो. सगळ्यात मोठा फरक रेटचा. आमच्याकडे हिशोब एरियावर असतो, जॉबची जाडी गुणिले कटची लांबी, चौरस मिमीला ठरलेले पैसे, त्यामुळे ड्रॉइंग आलं की फोनवरच भाव सांगता येतो आणि पार्टीशी तासांवरून वाद होत नाही. ठिणगीने कापतं म्हणून मटेरियल किती कडक आहे याने अडत नाही, करंट पास झाला पाहिजे एवढंच, म्हणजे डी-टू टूल स्टीलचा पंच हार्डनिंग करून आणला तरी थेट कापायला घेता येतो. रात्रभर एक माणूस दोन मशीन सांभाळतो. पण साध्या कटिंगला आता गल्लोगल्ली मशीन आहेत, तिथे भाव पार पडलेत. पैसा आहे तो डाय-पंचचा क्लिअरन्स (दोघांमधली फट) बरोबर काढण्यात, टेपर म्हणजे तिरक्या कटमध्ये, स्किम कट (शेवटचा हलका कट) मारून फिनिश देण्यात. आणि खर्च नीट धरा, शून्य पॉइंट पंचवीस मिमीची ब्रास वायर एकदा वापरली की भंगारात, शिवाय फिल्टर आणि मशीनचं पाणी शुद्ध ठेवणारं रेझिन. हे न धरता कोटेशन देणारे पुष्कळ आहेत आणि ते टिकत नाहीत.

परचेसवाले_काका
मी बरीच वर्षं एका कंपनीत परचेसला होतो, आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. प्रत्येक वेंडरच्या नावापुढे आमच्या डोक्यात एकच काम असतं, गिअर म्हटलं की हा, ग्राइंडिंग म्हटलं की तो. जो सगळं करतो त्याची आठवण लाइन बंद पडल्यावर येते. मात्र वडिलांचं काम कमी लेखू नका. रात्री शाफ्ट तुटला आणि सकाळपर्यंत कुणी बनवून दिला तर आम्ही भाव विचारत नव्हतो. ब्रेकडाउनचं काम हीच एक खासियत आहे, फक्त तुम्ही ते नेहमीच्या रेटने देताय, तिथे चुकतंय. आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करा. एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचा एक नियम लागू झालाय (तेव्हाच्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), मायक्रो आणि स्मॉल युनिटचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत नाही दिलं, तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. लोनचा हप्ता डोक्यावर असताना हे फार कामाला येतं.

कोल्हापुरी_फौंड्री
माझं ठाम मत, प्रोसेसमध्ये स्पेशालिस्ट व्हा, एका पार्टमध्ये किंवा एका गिऱ्हाइकात अजिबात नको. फक्त इंजिनचाच एखादा पार्ट करणाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून झोप नाही, कारण तो पार्ट तिथे लागतच नाही. त्याउलट मुंढव्याची भारत फोर्ज बघा, १९६१ ची कंपनी, क्रँकशाफ्ट आणि ट्रकच्या अ‍ॅक्सलवर मोठी झाली, पुढे तेच फोर्जिंगचं ज्ञान घेऊन ऑइल-गॅस, विमानाचे पार्ट आणि तोफांपर्यंत गेली. काम बदललं, कसब तेच राहिलं. आपण छोटे आहोत पण हिशोब तोच. डाय-पंच करायचे तर गाड्यांबरोबर स्विचगिअरवाले, भांडीवाले, मोटरच्या स्टँपिंगवाले असे वेगवेगळे धरा, मग एक धंदा बसला तरी दुसरा चालतो. वडिलांना भीती आहे ती याचीच आणि ती रास्त आहे.

टूलरूम_भोसरी
काका, ब्रेकडाउनच्या रेटचं डोक्यातच आलं नव्हतं. वडील लेथवर तेच काम चालू ठेवतील आणि फॅब्रिकेशन बंद करू असं घरी बोलणं झालंय. वायरकट सेकंडहँड बघतोय, नव्याचा हप्ता झेपणार नाही. बघायला जाताना काय तपासू?

स्पार्क_चाकण
रंगकाम आणि चालू तास बघून भुलू नका. साधारण ५० मिमी जाडीचा ब्लॉक घेऊन जा, तुमच्यासमोर चौकोन कापायला लावा आणि वर, मध्ये, खाली तिन्हीकडे मायक्रोमीटर लावा. मध्ये पोट पडलेलं दिसलं तर सेटिंगचं, फ्लशिंगचं (कटमध्ये मारायच्या पाण्याचं) किंवा वायर गाइडचं (तार सरळ धरणाऱ्या भागाचं) काम निघेल, ते भावात धरा. मशीनच्या जनरेटरची (ठिणगीला करंट देणारा भाग) पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्ड, कुठे दुरुस्त होते ते मालकाला विचारा आणि सर्व्हिसचा माणूस पुण्यात आहे का याची खात्री स्वतः फोन करून घ्या, मशीन बंद पडून आठवडा गेला तर पार्टी हमखास दुसरीकडे जाते.