स्कीइंग करून आलेय, आता डोंगरात पळायचंय पण उतारावर पाय साथ देत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही असं वाटतंय.

मी कोथरूडला राहते, वय ४२. गेली पाच-सहा वर्षं पळतेय, म्हणजे आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडी आणि महिन्यातून एकदा सिंहगड. यंदा फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या औलीला १४ दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला, बर्फावर पहिल्यांदाच उभी राहिले आणि अक्षरशः वेड लागलं. सुरुवातीचे दिवस तर खाली यायचं आणि स्की पायात ठेवूनच आडवी पावलं टाकत परत वर चढायचं, दिवसभर हेच, तेही अडीच हजार मीटरच्या वर. स्कीचा बूट ज्यांनी घातलाय त्यांना माहीत असेल, बकलं आवळली की घोटा हलायचा प्रश्नच नाही, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून गुडघे वाकवून पुढे झुकायचं. संध्याकाळी बूट काढला की नडगीवर बुटाच्या वरच्या कडेचा लाल वळ उठलेला असायचा आणि मांड्या अशा पेटलेल्या असायच्या की जेवायला खाली बसताना कुणाचा तरी हात धरावा लागायचा.

तर परत आल्यावर पहिल्याच रविवारी सिंहगडला गेले. आतकरवाडीतून पुणे दरवाजा, एरवी मला १ तास १० मिनिटं लागतात, त्या दिवशी ५६ मिनिटांत वर! दम लागतच नव्हता, मांड्या एकदम भक्कम वाटत होत्या. वर ताक प्यायले आणि त्याच जोशात पळत उतरायला सुटले. आता उतारावर शरीर पुढे टाकायचं ही औलीची सवय अंगात बसलेली, तसंच पुढे झुकून पाय सोडून दिले, आणि अर्ध्यावर जिथे वाटेवर मुरूम सुटलाय तिथे उजवा पाय घसरला. पडले नाही, पण सावरताना चवड्यावर जोरात भार आला. खाली पोचेपर्यंत मांड्या थरथरायला लागल्या होत्या, बसची पायरी चढताना दांडा धरून स्वतःला वर ओढून घेतलं. सोमवारी फार काही नाही, मंगळवारी जिना उतरता येईना. ते चार दिवसांत गेलं. पण उजव्या टाचेच्या वरची जी जाड शीर असते, अ‍ॅकिलीस, ती धरलीये ती धरलीच आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-बारा पावलं लंगडत जाते, मग मोकळं होतं, दिवसभर तसं काही जाणवत नाही. आज १२ दिवस झाले.

एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हात लावून बघितलं आणि दोन महिने पळणं बंद म्हणाले. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोर्समधल्या तिघी मैत्रिणींबरोबर परत औलीला जायचं ठरलंय, बर्फ गेल्यावर त्याच उतारावरून पळत गोर्सन बुग्याल (वरचं गवताळ कुरण) आणि जमलं तर अजून पुढे, दिवसाला १२-१४ किमी. जिथे धडपडत स्की शिकले तिथेच गवतावरून पळायचं, हे इतकं मनात बसलंय की दोन महिने नुसतं बसून राहणं मला खरंच जमणार नाही.

मला कळत नाहीये ते हे की स्कीइंगने पाय कमावले असताना उतरायला ते कमी का पडले? किलियन जॉर्नेटसारखा स्पॅनिश डोंगरधावपटू हिवाळाभर स्कीवर असतो आणि मग उन्हाळ्यात पळून यूटीएमबी ही आल्प्समधली लांब पल्ल्याची शर्यत जिंकतो, २००८ पासून २०२२ पर्यंत चारदा जिंकलाय, मग स्कीइंगचा पळण्याला उपयोग होतो ना? आणि आता नेमकं काय करू, पूर्ण विश्रांती का हळूहळू सुरू करू, टेकडी का सपाट रस्ता, शिवाय पुण्यात आत्ताच दुपारचं ३५ व्हायला लागलंय, बर्फातून येऊन हे ऊन फार लागतंय. बूट जुनेच आहेत, तळाचे खिळे झिजलेत. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी किलियनचं बोलू कारण गोंधळ तिथेच आहे. तो जे करतो ते स्की माउंटेनियरिंग. त्यात स्कीच्या तळाला पट्टी लावून डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा असतो, आणि चढताना बुटाची टाच मोकळी असते, प्रत्येक पावलाला घोटा हलतो. तासन् तास चढ, म्हणजे पळण्याचाच भाऊ. तुम्ही शिकलात ते उताराचं स्कीइंग, त्यात टाच बंद, घोटा बंद. म्हणजे १४ दिवस मांडीने मरमर काम केलं आणि पोटरी, घोटा, तळव्याचे लहान स्नायू प्लॅस्टरमध्ये असल्यासारखे पडून होते. मग उंचीवरून कमावलेला दम घेऊन तुम्ही थेट सिंहगड केलात. दमाने सांगितलं चल, आणि पोटरीला कुणी विचारलंच नाही.

मांडीचं पण तसंच आहे. स्कीवर मांडी सावकाश, ताणून धरून भार घेते, धक्का नसतो. पळताना पाय जमिनीला साधारण पाव सेकंद टेकतो आणि तेवढ्यात वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, उतारावर तर स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावावा लागतो. ते दुसऱ्या दिवशीपेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखणं त्याचंच. पण यात एक चांगली गोष्ट आहे, उताराचा असा एक डोस मिळाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला स्नायू खूप कमी दुखतात. म्हणून उतार थोडा थोडा द्यायचा, टाळायचा नाही, पण तुमची शीर बरी होईपर्यंत तो पळत नाही, चालत.

मी तुमच्या जागी असतो तर सिंहगड सोडला नसता, चालत चढलो असतो आणि जीपने खाली आलो असतो. खरंच सांगतोय, यात कमीपणा काही नाही. ६०० मीटरचा चढ मिळतो, दम टिकतो, उताराचा मार वाचतो. चढावर पण टाच टेकवून चाला, चवड्यावर चढलात तर ती शीर पुन्हा ताणली जाईल. उतरण्याचा सराव पर्वतीवर करा, १०३ पायऱ्या, एकसारख्या, घसारा नाही. पहिले दोन आठवडे फक्त चालत उतरा. उंचीचा फायदा दोन-तीन आठवड्यांत तसाही ओसरतो, त्याच्या मागे धावू नका.

आणि मुरमावर उतरायचं तंत्र वेगळं आहे. बर्फात स्कीची कड रुतते, मुरमावर रुतायला काहीच नसतं, खडे बॉलबेअरिंगसारखे फिरतात. पाऊल लहान, शरीराच्या बरोबर खाली, पटपट. मागे रेललात तर टाच सटकते, फार पुढे गेलात तर जे तुमचं झालं ते होतं. औलीतली एक सवय मात्र नक्की ठेवा, खांदे आणि नजर उताराकडे, पायाकडे बघायचं नाही, तीन-चार मीटर पुढचं बघायचं. आणि ते बूट बदला हो, झिजलेल्या खिळ्यांनी मार्चमधल्या कोरड्या मुरमावर उतरणं धोक्याचं आहे.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण सकाळी जखडणं आणि चालल्यावर मोकळं होणं हे या शिरेच्या दुखण्यात नेहमी दिसतं. त्या क्षणी टक् असा आवाज आला होता का, किंवा मागून कुणी मारल्यासारखं वाटलं होतं का? एका पायावर चवड्यावर उभं राहता येतंय का? येत नसेल किंवा सूज असेल तर आजच हाडांच्या डॉक्टरांकडे जा, बाकी काही करू नका.

हे नसेल तर पूर्ण विश्रांतीने ही शीर सहसा बरी होत नाही, दुखणं थांबतं पण ताकद अजून कमी होते आणि पळायला लागलं की पुन्हा तेच. तिला भार हवा असतो, मोजून आणि सावकाश. आधी दोन्ही पायांवर सपाट जमिनीवर उभं राहून टाचा उचलायच्या, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ चे तीन सेट. मग एका पायावर, मग पाठीला सॅक लावून. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीचे दोन स्नायू आहेत, वाकवल्यावर आतला सोलियस काम करतो आणि पळताना मोठा भार तोच घेतो. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जखडणं वाढलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजायचं. सकाळची ती पहिली दहा पावलं हेच तुमचं मीटर, घड्याळ बघू नका. आणि शीर जोरजोरात ताणत बसू नका, टाचेपाशी दाबून उलट चिडते. १२ आठवडे धरून चाला, तुमची मेची सहल त्याच्या मधेच येईल, तोवर पूर्ण बरं नसेल पण चालत-पळत जाता येईल.

प्रतिसाद ३

औली मे महिन्यात बघितलंय म्हणून लिहितो. खालच्या उतारावर गवत असेल, पण गोर्सनच्या पुढे सावलीच्या बाजूला जुना बर्फ उरलेला असू शकतो. तो सकाळी काचेसारखा कडक असतो, त्यावरून पळायचं नाही म्हणजे नाही, आणि ऊन वर आलं की इतका मऊ होतो की पाय मांडीपर्यंत आत जातो. दुपारनंतर ढग येतात, गारा पडतात, तेव्हा उजाडता निघून दुपारच्या आत खाली. जोशीमठला १,९०० मीटरवर एक-दोन रात्री राहूनच वर जा, फेब्रुवारीतली सवय मेपर्यंत टिकत नाही.

प्रतिसाद ४

उन्हाचं सांगते काकू, अंगाला उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तोवर पहाटे साडेपाचला टेकडी, आठच्या आत घरी. नुसतं पाणी ढोसू नका, कोकम सरबत मीठ घालून किंवा ताक. आणि टेकडीवर वाळलेलं गवत पेटलेलं दिसलं तर मागे फिरा, या दिवसांत वणवे लागतात.

धागाकर्ती (साडेतीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय कारण काही तरी करून मगच सांगायचं होतं.

आवाज वगैरे आला नव्हता, एका पायावर उभं राहता येत होतं, तरी एका फिजिओंना दाखवलं, त्यांनीही भार देण्याचंच सांगितलं. रोज सकाळी ओट्याला हात टेकून टाचा उचलते, कुकर लावला की सुरू, तिसऱ्या शिट्टीपर्यंत उजवा पाय, मग डावा. पहिल्या आठवड्यात उजव्यावर आठच व्हायचे आणि डाव्यावर वीस, तेव्हा कळलं किती फरक पडलाय. आता उजव्यावर १५ होतात. सकाळी लंगडणं दहा पावलांवरून तीन-चारवर आलंय.

सिंहगड तीनदा चढले, टाच टेकवत, आणि तिन्ही वेळा जीपने उतरले. पहिल्यांदा जीपमध्ये बसताना डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते, खिडकीतून घाट बघत होते आणि वाटत होतं आपलं काहीतरी सुटतंय. दुसऱ्या वेळेपासून नाही वाटलं. पर्वती आठवड्यातून दोनदा. काल नवीन बूट घालून वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या मुरमावर पहिल्यांदा पळत उतरले, जेमतेम दोनशे मीटर, लहान पावलं, नजर पुढे. दादा, तुम्ही म्हणालात तसं खडे पायाखालून फिरत होते पण तोल जात नव्हता, कारण पाय तिथे थांबतच नव्हता. आज सकाळी मुद्दाम पावलं मोजली, चार. म्हणजे वाढलं नाही.

औलीचं मैत्रिणींना कळवलंय की गोर्सनपर्यंत चालत-पळत जायचं, बर्फ लागला तर तिथून मागे. अजून एक मदत हवी आहे, बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर चढवायचे काटे, मायक्रोस्पाइक्स, पुण्यात कुणाकडे आठवडाभर भाड्याने मिळतील का? बुटाचा नंबर ६ आहे.