'फ्लॉट्सम' आणि 'जेट्सम': इंग्रजीत फरक कुठे पाळतात, कुठे सोडतात?

भाषांतर_चालू

एका इंग्रजी लेखाचं मराठी करते आहे. 'फ्लॉट्सम अँड जेट्सम' ही जोडी त्यात तीनदा येते: किनाऱ्यावर लागलेल्या सामानाबद्दल, टेबलाच्या खणातल्या वस्तूंबद्दल आणि युद्धात घरदार सुटलेल्या माणसांबद्दल. चौथ्या ठिकाणी नुसतं 'जेट्सम' आहे. कोशात दोन्ही शब्दांपुढे जवळपास एकच अर्थ दिसतो. फरक खरंच आहे का? आणि तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द चालेल का?

दर्यावर्दी

फरक आहे, आणि तो वस्तू पाण्यात कशी गेली यावर ठरतो. जहाज फुटलं, बुडालं आणि माल आपसूक तरंगत सुटला, तर तो फ्लॉट्सम. जहाज संकटात असताना भार हलका करण्यासाठी खलाशांनी हातांनी समुद्रात लोटला, तर तो जेट्सम. एकाच जहाजावरचं एकाच प्रकारचं खोकं दोन्हींपैकी काहीही असू शकतं. नुसत्या खोक्याकडे पाहून ते सांगता येत नाही.

यांची आणखी दोन भावंडं आहेत. बुडणाऱ्या मालाला पुढे शोधून काढता यावं म्हणून बोया बांधून सोडला, तर तो लॅगन. परत मिळवण्याची आशा सोडून समुद्रात टाकून दिलेलं जहाज किंवा माल म्हणजे डेरेलिक्ट. ब्रिटनच्या १९९५च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टमध्ये 'रेक' (फुटलेलं जहाज आणि त्यावरचा माल) या शब्दाच्या व्याख्येत हे चारही येतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. फ्लॉट्सम मूळ मालकाचा आणि जेट्सम सापडेल त्याचा, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ब्रिटिश कायद्यात तसं नाही. चारांपैकी काहीही सापडलं तरी 'रिसीव्हर ऑफ रेक' या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, त्यासाठी २८ दिवसांची मुदत आहे आणि मालकाला हक्क सांगायला एक वर्ष मिळतं. म्हणून कायद्याच्या मजकुरात जेट्समला 'टाकाऊ माल' म्हणू नका. जहाज वाचवण्यासाठी फेकला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, त्यावरची मालकी कायम असते.

कोशवाचक

वरच्या व्याख्या बरोबर आहेत, पण जुन्या ग्रंथांत त्या एकसारख्या नाहीत, आणि कोशांतला गोंधळ तिथूनच येतो. १६०१च्या सर हेन्री कॉन्स्टेबल यांच्या खटल्यात इंग्रज कायदेपंडित कोकने जेट्समची खूण 'भार कमी करण्यासाठी फेकला' अशी सांगितली. दुसरा इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने १७६५मध्ये भर दिला तो फेकल्यावर माल बुडून तळाशी राहण्यावर, म्हणजे तरंगतो तो फ्लॉट्सम आणि बुडतो तो जेट्सम. पुढे 'फेकलेला आणि किनाऱ्याला लागलेला' असाही अर्थ रूढ झाला. जुना मजकूर असेल तर लेखक कोणती व्याख्या धरून चालला आहे ते आधी पाहा.

व्युत्पत्ती लक्षात राहिली की गल्लत होत नाही. फ्लॉट्सम आला 'तरंगणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून, जेट्सम 'फेकणे' यावरून. जेट्सम हे 'जेटिसन' (मुद्दाम फेकून देणं) याचंच आखडलेलं रूप. शेवटचं 'सम' मूळचं नाही. पूर्वी 'फ्लॉट्सन' असंही लिहीत.

मुद्रितशोधक

वापराबद्दल. दोन्ही शब्द अगणनीय नामं आहेत, म्हणजे त्यांचं अनेकवचन होत नाही. 'अ फ्लॉट्सम' किंवा 'फ्लॉट्सम्स' चुकीचं, एकच वस्तू सांगायची तर 'अ पीस ऑफ फ्लॉट्सम'. फ्लॉट्सम एकटा सर्रास येतो. जेट्सम एकटा क्वचित दिसतो, त्याला बहुतेक वेळा जोडीचाच आधार असतो. जोडीचा क्रमही ठरलेला आहे, उलटा केला तर इंग्रजी कानाला खटकतं. क्रियापद हवं तर 'जेटिसन'. अग्निबाणाचा रिकामा टप्पा सोडून देणं किंवा एखादी योजना गुंडाळणं, दोन्हींना ते चालतं. 'टू जेट्सम' असं क्रियापद नाही.

जोडी लाक्षणिक अर्थाने आली की फेकलं की वाहून आलं हा भेद पूर्ण मावळतो. तेव्हा तो मराठीत ओढूनताणून आणू नका. खणातल्या वस्तूंना 'सटरफटर' किंवा 'किडूकमिडूक' नेमकं बसेल. 'केरकचरा' नको, कारण इंग्रजी शब्दात वस्तू निरुपयोगी असल्यापेक्षा त्या कुठून कुठून येऊन साचल्याची छटा जास्त आहे. किनाऱ्याच्या वाक्यात 'वाहून आलेलं सामान' पुरे.

माणसांबद्दलचं वाक्य मात्र जपून हाताळा. 'ह्यूमन फ्लॉट्सम' या प्रयोगात माणूस लाटेवरच्या ओंडक्याइतका हतबल असल्याचं सूचित होतं, पण तुच्छताही सहज डोकावते. लेखक कळवळ्याने लिहीत असेल तर 'देशोधडीला लागलेली माणसं' घ्या. तो हिणवत असेल तर ती हीनता अनुवादातही यायला हवी, सौम्य शब्द देऊन ती झाकू नये.

भाषांतर_चालू

खूप मदत झाली. चौथं वाक्य असं आहे: वादळात मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले आणि त्यांतलं 'जेट्सम' महिनोन् महिने किनाऱ्याला लागत राहिलं.

दर्यावर्दी

मग मूळ लेखकच चुकला आहे. लाटेच्या तडाख्याने पडलेले कंटेनर कोणी मुद्दाम फेकलेले नसतात, त्यांतला तरंगणारा माल फ्लॉट्सम. 'टोकियो एक्सप्रेस'चं उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी १९९७ला इंग्लंडच्या लँड्स एंडजवळ या जहाजावरून ६२ कंटेनर समुद्रात गेले. त्यांतल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते आणि ते अजूनही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर सापडतात. हे सगळं फ्लॉट्सम.

विम्याच्या कागदांत ही चूक महागात पडते. सगळ्यांचं हित वाचवण्यासाठी माल मुद्दाम समुद्रात लोटला, तर यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार ते नुकसान जहाजमालक आणि बाकीचे मालधनी मिळून वाटून घेतात. याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. वादळात आपसूक पडलेल्या मालाला ही वाटणी लागू होत नाही, तो तोटा ज्याचा त्याचा. तुमच्या लेखात विम्याचा विषय असेल तर लेखकाला विचारून शब्द दुरुस्त करून घ्या. नसेल तर मराठीत 'कंटेनरमधून सुटून वाहून आलेला माल' लिहा. 'फेकलेला' हा शब्द तेवढा येऊ देऊ नका.