उष्ण प्रदेशात प्रवास: पिण्याच्या पाण्यासाठी काय न्यावं?

भिंगरी:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात तीन आठवडे विषुववृत्ताजवळच्या भागात फिरायला जातोय. आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक. थोडे दिवस गावात, थोडे जंगलात. नळाचं पाणी पिण्याजोगं नाही असं कळलंय आणि रोज प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग करायचा नाहीये. अटी दोनच: वजन तीनशे ग्रॅमच्या आत, आणि विजेवर चालणारं काही नको. काय घ्यावं?

फिरस्ता_७७:
डोळे झाकून यूव्ही पेन घ्या, अतिनील किरणांनी जंतू मारणारा. मी पाच वर्षं वापरतोय. लिटरभर पाण्यात दीड मिनिट फिरवायचा. जिवाणू, विषाणू, जिआर्डियासारखे जुलाब लावणारे परजीवी सगळे गारद. चवही बदलत नाही. चार्जिंगचं काय, पॉवरबँक सगळेच नेतात.

भिंगरी:
वीज नको असं वर लिहिलंय हो :)

कुंभकर्ण:
आणि पाणी गढूळ असलं की? किरण गाळाच्या कणांआड पोचत नाहीत. माझ्या सहलीत त्या पेनाने फक्त पाणी ढवळलं गेलं. पुढचे तीन दिवस तंबूबाहेर पडलो तो दर वेळी धावतच. तेव्हापासून पिळून वापरायचा ०.१ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर. शंभर ग्रॅमही भरत नाही.

टिंग्या:
फिल्टरला +१. आमचा मात्र एका थंड मुक्कामात रात्री गोठला. आतले गाळणारे तंतू तडकले की बाहेरून काही कळत नाही, पाणी आपलं सुरळीत येत राहतं.

कुंभकर्ण:
ताई विषुववृत्ताला चाललीये, हिमनदीवर नाही.

चष्मिष्ट:
०.१ मायक्रॉनला जिवाणू, जिआर्डिया आणि तसाच दुसरा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम अडकतात. हेपॅटायटिस ए, नोरो, रोटा हे विषाणू मात्र आरपार जातात. ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती असेल तर नुसत्या फिल्टरवर विसंबू नका. आधी फिल्टर, मग क्लोरीनची गोळी, मग निदान अर्धा तास कळ काढायची. नुसती गोळीही पुरत नाही, कारण क्रिप्टो क्लोरीनला दाद देत नाही. दोन्ही मिळून तुमच्या तीनशे ग्रॅमात आरामात बसतं.

आजीचा_बटवा:
केवढा तो खटाटोप! पाणी चारपदरी सुती कापडातून गाळा. बांगलादेशात शास्त्रज्ञांनी जुन्या साड्या वापरून हेच करून पाहिलं, पटकी जवळपास निम्म्याने घटली. २००३ साली छापून आलंय.

कुंभकर्ण:
आणि उरलेली निम्मी कोणाच्या वाट्याला?

चष्मिष्ट:
काकू, संशोधन खरं आहे. पण पटकीचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात, म्हणून ते कापडात अडकतात. सुटे जिवाणू नाही अडकत. तुरटीचंही तसंच, गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गोळीच्या आधी गाळून घ्यायला कापड उत्तम.

आजीचा_बटवा:
म्हणजे गाळायचंच ना? मी दुसरं काय म्हणत होते?

मधलं_बोट:
आयोडीनच्या गोळ्या कोणीच कशा सुचवल्या नाहीत? वडील आयुष्यभर त्याच न्यायचे.

टिंग्या:
थायरॉइडचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आयोडीन नको. बायकोच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

झोपाळू:
तुम्ही सगळे ओढ्यात अडकलात. आम्ही तीन आठवडे सीलबंद पाणी प्यायलो आणि शेवटच्या दिवशी बर्फाने घात केला. बर्फ नळाच्याच पाण्याचा असतो, त्यावर लिंबू पिळा नाहीतर दारू ओता, जंतू मरत नाहीत. दात घासायलाही शुद्ध पाणीच घ्या. आणि लेकीला सांगा, अंघोळीत तोंड मिटून! आमचा चिरंजीव शॉवरखाली गाणी म्हणायचा.

मधलं_बोट:
कोणती गाणी?

चष्मिष्ट:
धागा भरकटवू नका. भिंगरी, ओआरएसची पाकिटं विसरू नका आणि तीही शुद्ध पाण्यातच कालवा. मुलीला जुलाबातून रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा. टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए च्या लशींचं आताच विचारून घ्या.

फिरस्ता_७७:
क्लोरीनचं पाणी जलतरण तलावासारखं लागतं. पेनाला चव नाही, पुन्हा सांगतो.

भिंगरी:
सगळ्यांचे आभार. लशी, ओआरएस, बर्फ, शॉवर सगळं टिपून घेतलं. काल गोळीचं पाणी लेकीला देऊन पाहिलं, तिने ते कुंडीत ओतलं. फिल्टर फाटला तरी कळत नाही म्हणता, गोळीने काम केलं की नाही तेही दिसत नाही. उकळी फुटलेली दिसते. म्हणून छोटी इलेक्ट्रिक किटली घेतली. रात्री खोलीवर उकळायचं, जंगलाच्या दिवसांसाठी बाटल्या भरून न्यायच्या. गोळ्यांची एक पट्टी अडीनडीला.

चष्मिष्ट:
उकळणं सगळ्यात खात्रीचं, वाद नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन. पण तिघांचं दोन दिवसांचं पाणी दहा-बारा किलो भरेल. वजनाची अट होती ना?

भिंगरी:
बाटल्या नवरा उचलणार आहे. अट माझ्या बॅगेची होती.

फिरस्ता_७७:
आणि किटली कशावर चालते म्हणे?