ज्येष्ठ उस्तादांच्या पाठावर शेरा कसा लिहावा?

प्रश्न
आमच्या इस्लामी शाळेत कुराण आणि अरबीबरोबर गणित, विज्ञान, भाषा हे विषयही शिकवले जातात. पर्यवेक्षिका या नात्याने मी प्रत्येक शिक्षकाचा तास वर्षातून दोनदा पाहते. परंतु ज्येष्ठांच्या निरीक्षणवहीत ‘पाठ समाधानकारक’ यापलीकडे काही लिहायला हात धजत नाही. तेही अदबीने सही करून वही परत करतात. उस्तादांचा आदर ही या शाळेची संस्कृती आहे आणि ती मला मोडायची नाही. पण अशा पर्यवेक्षणातून कोणी काय शिकणार?

उत्तर १
संघटनांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत: डोळ्यांना दिसणारे, बोलून दाखवलेले आणि न बोलता गृहीत धरलेले. आपली अडचण तिसऱ्या थरातली आहे, कारण चूक दाखवणे म्हणजे बेअदबी असे तिथे मुरलेले दिसते. वास्तविक परंपरा तसे म्हणत नाही. नमाजात इमाम तिलावत म्हणजे कुराणपठण करताना अडखळले, तर मागे उभा असलेला हाफिज (कुराण मुखोद्गत असलेला), वयाने कितीही लहान असला तरी, लुकमा देतो, म्हणजे अडलेले शब्द सांगतो, आणि इमाम तो घेऊन पुढे जातात. त्यात कोणाचाही मान जात नाही.

उत्तर २
दाखला सुंदर आहे, पण पुरता लागू पडत नाही. तिलावतीचा पाठ ठरलेला असतो. अपूर्णांक शिकवण्याची एकच बरोबर रीत नसते. म्हणूनच कोगन आणि गोल्डहॅमर या शिक्षणतज्ज्ञांनी हार्वर्डमध्ये घडवलेल्या पर्यवेक्षणपद्धतीत वर्गात जाण्याआधीच शिक्षकाशी बोलून काय पाहायचे ते ठरवतात. एका ज्येष्ठ सरांनी मला सांगितले होते, “प्रश्न विचारल्यावर मी किती थांबतो, तेवढेच पाहा.” मी सेकंद मोजून लिहीत गेले. बहुतेक वेळा दोन सेकंदांच्या आत सर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत होते. कागद पाहून ते हसले. शेरा लिहावाच लागला नाही. मात्र हा कागद वेतनवाढीच्या फायलीत जाता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणी असे काही पाहायला सांगणार नाही.

उत्तर ३
मशवरा, म्हणजे सल्लामसलत, हा शब्द अशा शाळांत फार ऐकू येतो, पण निर्णय आधीच झालेला असेल तर ती नुसती सूचना ठरते. म्हणून आधी आपला तास त्यांना पाहू द्या.

प्रश्नकर्तीकडून
तसेच करते. माझ्या सहावीच्या तासाला अरबीच्या उस्तादांना बोलावते आहे. विषय नेमका अपूर्णांकांचा आहे, आणि तो मला आजवर मनासारखा शिकवता आलेला नाही.